बंदिवानाच्या नावाचे शहर

२०२३ च्या फेब्रुवारीत या शहराचे नाव अधिकृतपणे बदलले. त्या बदलाच्या बाजूने व विरुद्ध जे बोलले गेले, जे मोर्चे निघाले, जे दावे न्यायालयापर्यंत गेले, त्यांची उजळणी करण्याचे आज आम्हांस प्रयोजन नाही. न्यायालयाने नामांतर कायम केले आणि लिफाफ्यावरील पत्त्यापासून दुकानांच्या पाट्यांपर्यंत ते आता रुळले आहे. परंतु या नामांतराचा एक अर्थ असा आहे की, जो त्या साऱ्या वादंगात कोणी उच्चारल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही. जुने नाव होते ते कैद करणाऱ्या बादशहाचे. नवे नाव आहे ते त्याच्या कैद्याचे.

१६८९ च्या फेब्रुवारीत संगमेश्वरी संभाजीराजे पकडले गेले, आणि ११ मार्च रोजी त्यांचा वध झाला. मधल्या सव्वा महिन्यात बहादूरगडावरील धिंड झाली, विदूषकाचा वेष झाला, आणि ज्याचे वर्णन करताना लेखणी अडखळावी असे हाल झाले. सोबतीस कवी कलश होता. त्याच्या वाट्यासही तेच आले. या वधास शरियतच्या जाणत्यांची संमती घेतली होती, असे बादशाही इतिहासकार नोंदवितात. म्हणजे कायद्याचा कागद तेव्हाही तयार होताच! तो बादशहा येथून जवळच खुलताबादेस मातीआड झाला. त्याची कबर असावी की नसावी या प्रश्नावर २०२५ च्या मार्चात राज्यात केवढा गदारोळ उडाला आणि नागपुरात काय घडले, हे वाचकांच्या स्मरणात आहे. बादशहाच्या थडग्यावर इतकी शक्ती खर्च करणाऱ्या आपल्या समाजाने आजच्या बंदिवानांच्या कोठडीत किती वेळा डोकावून पाहिले, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही.

आमच्या भूमीस बंदिवानांची ओळख नवी नाही. भद्राचलमचा रामभक्त रामदासू यास गोवळकोंड्याच्या तानाशहाने बारा वर्षे अंधारकोठडीत ठेवले, असे परंपरा सांगते. पुढे १६८७ त गोवळकोंडा पडला आणि तोच तानाशहा औरंगजेबाचा कैदी होऊन दौलताबादच्या किल्ल्यात, चिनी महालात आला व तेथेच मेला. आज सहलीची मुले तो महाल पाहून जातात. काल जो कोठडीची किल्ली बाळगीत होता तो आज कोठडीत, ही गोष्ट या किल्ल्याइतकी दुसऱ्या कोणत्या वास्तूने पाहिली असेल असे वाटत नाही.

पण जुन्या बादशहांच्या कथा आम्ही येथेच सोडतो. मराठवाड्यास अधिक जवळचे, अजूनही ज्याची ऊब गेलेली नाही असे उदाहरण स्वामी रामानंद तीर्थांचे आहे. एक संन्यासी, एका राष्ट्रीय शाळेचा मुख्याध्यापक, आणि निजामाच्या राजवटीचा सर्वांत मोठा राजकीय विरोधक, या तिन्ही भूमिका एकाच भगव्या वस्त्राखाली होत्या. धार्मिक पुरुषास राजकारणाशी काय करावयाचे आहे, असा प्रश्न सत्ताधारी नेहमीच विचारतात. निजामाचे अधिकारीही तो विचारीत. स्वामीजींना तुरुंगात घालावयास त्या राजवटीने कोणते साहित्य वापरले ते पाहण्यासारखे आहे. १९२९ सालापासून 'गश्ती निशाण ५३' या आदेशाने संस्थानात परवानगीवाचून सभा घेणे अशक्य करून ठेवले होते. १९३८ च्या सप्टेंबरात हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली. कारण काय, तर ती 'जातीय' संघटना आहे! आणि ज्या नियमावलीच्या आधारे ही बंदी आली तिचे नाव होते 'सार्वजनिक सुरक्षा'. या नावाकडे आम्ही पुढे पुन्हा वळणार आहोत; वाचकांनी ते ध्यानात ठेवावे.

१९३८ च्या सत्याग्रहात स्वामीजी तुरुंगात गेले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी सारा देश दिवाळी करीत असता हैदराबादेत तिरंगा फडकविल्याबद्दल त्यांना अटक झाली. जैसे थे करार झाल्यावर त्यांना सोडले आणि १९४८ च्या जानेवारीत पुन्हा धरले. ते सुटले ते पोलीस कारवाईनंतरच. त्यांच्याविरुद्ध कोणता खटला चालला, कोणता साक्षीदार तपासला गेला, हे शोधू लागल्यास हाती काही लागत नाही. आम्ही एके काळी शाळेत हा पाठ शिकविलेला आहे. त्या वेळी वर्गातील एखादे चौकस मूल हमखास विचारी, "पण त्यांचा गुन्हा काय होता?" पाठ्यपुस्तकात त्याचे उत्तर नसे, कारण तुरुंगात टाकणाऱ्यांनीच ते कधी लिहून ठेवले नव्हते. याच शहराच्या मतदारसंघाने १९५७ साली स्वामीजींना लोकसभेत पाठविले. नांदेडच्या विद्यापीठास व अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयास आज त्यांचे नाव आहे.

अशा मुलखात विनाचौकशी कैदेविषयी तिटकारा रक्तातच असावयास हवा होता. पण वस्तुस्थिती तशी नाही. वस्तुस्थिती अशी आहे की आपणांस तिटकारा आहे तो आपल्या माणसाच्या कैदेचा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा न्याय आपण घराच्या ओसरीवरून तुरुंगाच्या दरवाजापर्यंत नेला आहे.

आणीबाणीच्या बंदिवानांच्या मानधनाचा इतिहास पाहावा. १९७५ च्या जून महिन्यानंतर देशात 'मिसा' खाली ३४,९८८ माणसे स्थानबद्ध झाली, असे शहा आयोगाने नोंदविले. त्यांत राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक होते, समाजवादी होते, जमाते इस्लामीचे मौलवी होते, आनंदमार्गी संन्यासी होते. संघ आणि जमात या दोहोंवर एकाच दिवशी, ४ जुलै १९७५ रोजी, बंदी आली आणि एकमेकांचे तोंड न पाहणारे लोक एका बराकीत भाकरी खाऊ लागले. येथील 'मराठवाडा' दैनिकाचे संपादक अनंत भालेराव यांनीही तो तुरुंग भोगला. १९७६ च्या एप्रिलात सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी सांगितले की, आणीबाणी चालू असता स्थानबद्धास न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती खन्ना वेगळे बोलले व त्याची किंमत म्हणून सरन्यायाधीशपद गमावून बसले. त्या चारांत एक यशवंत चंद्रचूड होते. २०१७ साली तो निर्णय चूक ठरविणाऱ्या निकालपत्राचे लेखक त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. वडिलांची चूक मुलाने दुरुस्त केली हे खरे, परंतु त्या दुरुस्तीस ४१ वर्षे लागली, आणि मधल्या काळात त्या बंदिवानांपैकी कितीतरी जण जगातून निघूनही गेले होते.

आता मानधनाकडे. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने आणीबाणीतील बंदिवानांस दरमहा मानधन सुरू केले. पुढे दुसऱ्या पक्षांचे सरकार आले, त्याने २०२० साली ते बंद केले. २०२२ साली सरकार पुन्हा बदलले, मानधन पुन्हा सुरू झाले. २०२५ त ते दुप्पट झाले. ज्या अन्यायाचे परिमार्जन म्हणून हा पैसा द्यावयाचा तो अन्याय सरकार बदलताच कमीअधिक होतो काय? एका सरकारास तो बंदिवास देशसेवा वाटला, दुसऱ्यास खर्चाची बाब वाटली. बंदिवास तोच होता. दोन्ही पक्षांनी मिळून हे सिद्ध केले की, तुरुंगवासाची प्रतिष्ठा कैद्याच्या पक्षावर अवलंबून आहे.

हीच फूटपट्टी आपण धर्मपुरुषांसही लावतो. साध्वी प्रज्ञासिंह ठाकूर यांना २००८ च्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यात त्याच वर्षी अटक झाली. २०१७ साली त्यांना जामीन मिळाला, आणि ३१ जुलै २०२५ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना व इतर सहा जणांना पुराव्याअभावी निर्दोष सोडले. तपासयंत्रणेने आपला छळ केला अशी त्यांची तक्रार होती. ती सिद्ध झाली नाही. मुफ्ती अब्दुल कय्यूम हे अहमदाबादचे धर्मशिक्षक. अक्षरधामच्या हल्ल्याच्या खटल्यात २००३ साली त्यांना अटक झाली, २००६ त 'पोटा' न्यायालयाने फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना व सर्व सहआरोपींना निर्दोष ठरविले. त्यांचे कबुलीजबाब विश्वासार्ह नव्हते, आणि खटल्यास मंजुरी देणाऱ्याने कागद नीट पाहिलाही नव्हता, असे त्या निकालात आहे. साध्वींच्या मतांशी आमचे पटत नाही आणि ते आम्ही यापूर्वीही लिहिले आहे. मुफ्तींच्या धर्मशास्त्राशी आमचा परिचय नाही. पण एकीची नऊ वर्षे आणि दुसऱ्याची अकरा वर्षे ही मतांच्या तराजूत कशी तोलावयाची? या शहरातील काही वस्त्यांत एक नाव घेतले की माना डोलतात, काही वस्त्यांत दुसरे. दोन्ही नावे एका दमात घेणारी वस्ती आम्हांस अजून सापडावयाची आहे.

आणि ज्याच्यासाठी या शहरात फारशी कोणतीच वस्ती हलली नाही, असा तिसरा एक धर्मपुरुष होता. त्याच्या नावातही 'स्वामी' होते.

स्टॅन स्वामी हे तमिळनाडूत १९३७ साली जन्मलेले येशूसंघीय पाद्री. आयुष्यातील कितीतरी वर्षे त्यांनी आजच्या झारखंडातील आदिवासींमध्ये घालविली. त्यांचा अखेरच्या काळातील एक मुख्य उद्योग असा होता की, नक्षलवादी म्हणून पकडलेल्या आणि खटल्यावाचून तुरुंगात खितपत पडलेल्या आदिवासी तरुणांची माहिती गोळा करणे व त्यांच्यासाठी उच्च न्यायालयात दाद मागणे. कच्च्या कैद्यांची मोजदाद करणाऱ्या या माणसाला ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांचीहून अटक झाली आणि तो तळोजाच्या कारागृहात स्वतःच एक कच्चा कैदी झाला. खटला एल्गार परिषद व भीमा कोरेगावच्या दंगलीचा. आपण भीमा कोरेगावास कधी गेलोच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. वय ८३, अंगात कंपवात, दोन्ही कानांस कमी ऐकू येई.

कंपवाताच्या रोग्याला पेला ओठांपर्यंत नेता येत नाही. पाणी अंगावर सांडते. ६ नोव्हेंबरास त्यांनी न्यायालयात अर्ज केला की, पाणी पिण्यासाठी नळी आणि झाकणाचा पेला मिळावा. तपासयंत्रणेने उत्तर देण्यास वीस दिवसांची मुदत मागितली, आणि ती मिळाली. २६ नोव्हेंबरास यंत्रणेने सांगितले की, आम्ही त्यांच्याकडून असली वस्तू घेतलीच नाही, तेव्हा परत काय देणार? अर्ज निकालात निघाला, नवा अर्ज झाला, कारागृहाकडे विचारणा झाली, वर्तमानपत्रांतून बोभाटा झाला, लोकांनी टपालाने तळोजास पेले पाठविण्याची मोहीम काढली, आणि मग कुठे कारागृहातून पेला पुरविल्याची वार्ता आली.

या कथेत कोणी दुष्ट मनुष्य शोधू जाल तर तो सापडणार नाही. कोणी त्यांना मारले नाही, कोणी उपाशी ठेवले नाही. प्रत्येकाने आपापले काम नियमानुसार केले: ज्याने मुदत मागितली त्याने नियमानुसार मागितली, ज्याने दिली त्याने नियमानुसार दिली, आणि ज्याने 'आमच्याकडे नाही' म्हटले त्याचे म्हणणे कदाचित अक्षरशः खरेही असेल. एक म्हातारा मात्र मधले तीन आठवडे पाण्यासाठी दुसऱ्या कैद्यांवर अवलंबून राहिला. बहादूरगडावरील धिंड काढावयास क्रौर्य लागते. येथे तेवढ्याचीही गरज पडली नाही.

२२ मार्च २०२१ रोजी विशेष न्यायालयाने त्यांचा जामीन नाकारला. २१ मे रोजी ते दूरचित्राद्वारे मुंबई उच्च न्यायालयापुढे आले. आपण तळोजास आलो तेव्हा स्वतः चालत होतो, स्वतः जेवत होतो, थोडे लिहीतही होतो. आता यांतले एकेक सुटत चालले आहे, सरकारी रुग्णालयात नेण्यापेक्षा अंतरिम जामीन देऊन आपल्या माणसांत जाऊ द्यावे, नाहीतर येथेच मरू द्यावे, अशा आशयाचे ते बोलले. २८ मे रोजी न्यायालयाने त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलविण्याची आज्ञा केली. तेथे तपासणीत कोविड निघाला. ५ जुलै रोजी दुपारी त्यांच्या जामिनाचा अर्ज उच्च न्यायालयापुढे निघाला तेव्हा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी न्यायालयास सांगितले की, अर्जदार तासाभरापूर्वी वारले आहेत. पुढे १९ जुलै रोजी खंडपीठाने मृताच्या कार्याविषयी आदराचे चार शब्द काढले. त्यावर तपासयंत्रणेने हरकत घेतली, आणि २३ जुलै रोजी ते शब्द मागे घेतले गेले. मेलेल्या माणसाविषयी बोललेल्या चार शब्दांचीही ज्या यंत्रणेस भीती वाटते तिच्या स्वतःच्या पुराव्यावरील विश्वासाविषयी काय समजावयाचे? तो पुरावा आता या आरोपीविरुद्ध कधीच तपासला जाणार नाही. ते दोषी होते की निर्दोष, हे ठरविण्याचा अधिकार न्यायालयाचा. त्या अधिकाराचा उपयोग होण्याआधीच शिक्षा पूर्ण झाली.

असे का होते, याचे उत्तर अधिकाऱ्यांच्या स्वभावात नाही. ते बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात आहे. हा कायदा मुळात १९६७ चा. २००४, २००८ व २०१९ साली त्यास एकाहून एक तीक्ष्ण दात बसविले गेले, आणि हे दात बसविणारी सरकारे एकाच पक्षाची नव्हती. २००८ च्या दुरुस्तीने त्यात जामिनाचे जे कलम आले, त्याचा अर्थ साध्या भाषेत असा: पोलिसांचे कागद वाचून आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तर न्यायाधीशाने जामीन देता कामा नये. आरोपीच्या बाजूचा पुरावा या टप्प्यावर पुढे येतच नाही. म्हणजे पोलिसांनी पोलिसांविषयी लिहिलेले प्रशस्तिपत्र वाचून आरोपीचे भवितव्य ठरवावयाचे. खटला सुरू होण्यास वर्षे लागतात, आणि ती वर्षे हीच शिक्षा होते. देशातील तुरुंगांत २०२२ अखेर ५ लाख ७३ हजार कैदी होते. त्यांतील ४ लाख ३४ हजार अद्याप दोषी ठरलेले नव्हते. दिल्लीचे अपंग प्राध्यापक साईबाबा यांना आमच्याच उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एकदा नव्हे, दोनदा निर्दोष सोडले. २०२४ च्या मार्चात ते चाकांच्या खुर्चीवरून बाहेर आले आणि ऑक्टोबरात वारले. त्यांच्या सहआरोपींपैकी एक आदिवासी तरुण, पांडू नरोटे, निर्दोष ठरण्याआधीच २०२२ साली नागपूरच्या तुरुंगात आजारी पडून मेला होता. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो, असे आपल्याकडे म्हणतात. आम्हांस दोन्हींचे दुःख आहे.

निराश होण्यासारखेच सर्व आहे असे मात्र नाही, आणि ज्या गोष्टीचा या शहरास खरा अभिमान वाटावा ती येथेच, जालना रस्त्यावर घडलेली आहे. २०२० च्या मार्चात दिल्लीच्या मरकजहून निघालेल्या तबलिगी जमातीच्या प्रचारकांवर देशभर कोविड पसरविल्याचे खापर फुटले, तेव्हा अहमदनगर जिल्ह्यातील मशिदींतून उतरलेल्या परदेशी तबलिगींवरही गुन्हे दाखल झाले. आयव्हरी कोस्ट, घाना, टांझानिया, इंडोनेशिया अशा देशांतून आलेली ही माणसे; त्यांना येथे ना मतदार, ना पुढारी, ना वर्तमानपत्र. २१ ऑगस्ट २०२० रोजी न्यायमूर्ती नलावडे व न्यायमूर्ती सेवलीकर यांच्या खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरील ते गुन्हे रद्द केले. संकटकाळी सरकार बळीचा बकरा शोधते आणि या लोकांना तसे निवडले गेले असण्याची शक्यता दिसते, असे नलावडे यांनी लिहिले. सेवलीकर यांनी त्या निरीक्षणांपैकी काहींशी आपण सहमत नसल्याचे वेगळे नोंदविले, पण गुन्हे रद्द करण्यावर दोघांचे एकमत होते. आम्हांस ही गोष्ट विशेष वाटते. सरकारच्या हेतूविषयी दोन न्यायमूर्तींची मते भिन्न असली तरी माणसास मोकळे करण्यावर ती जुळू शकतात.

त्याच खंडपीठाने त्याच वर्षी १३ फेब्रुवारीस माजलगावच्या लोकांना नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध धरणे धरण्यापासून रोखणारा हुकूम रद्द केला होता, आणि एखाद्या कायद्यास शांतपणे विरोध करणाऱ्यास देशद्रोही म्हणता येणार नाही असे बजावले होते. बीड जिल्ह्यातील वृद्धांना 'गश्ती निशाण ५३' आठवले असेल काय? सभा घेऊ नका हे सांगणारा कागद नव्वद वर्षांनी त्याच मुलखात पुन्हा निघाला. फरक एवढाच की या वेळी तो फाडणारे न्यायालय येथे होते.

परंतु न्यायालय सर्व काही घडून गेल्यावर येते. परभणीत १० डिसेंबर २०२४ रोजी रेल्वे स्थानकासमोरील बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळ राज्यघटनेच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले, आणि पोलिसांनी जी धरपकड केली तीत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा अभ्यास करणारा ३५ वर्षांचा तरुण होता. १५ डिसेंबरास तो न्यायालयीन कोठडीत मेला. त्यास श्वासाचा विकार होता, असे विधिमंडळात सांगण्यात आले. शवविच्छेदन येथील घाटी रुग्णालयात झाले. तेथील डॉक्टरांनी अंगावरील अनेक जखमांमुळे बसलेला धक्का, असे कारण लिहिले. त्या डॉक्टरांचे आम्ही जाहीर अभिनंदन करतो. सरकारी नोकरीत राहून सरकारला न रुचणारी एक ओळ लिहावयास काय लागते हे आम्ही जाणतो. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. तरी गुन्हा नोंदला गेला नाही. ४ जुलै २०२५ रोजी येथील खंडपीठाने तो नोंदण्याची आज्ञा केली. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले व ३० जुलै रोजी हात हलवीत परतले. याच परभणीचा ख्वाजा युनूस हा अभियंता २००३ च्या जानेवारीत पोलिसांच्या ताब्यातून 'पळून' गेला होता, औरंगाबादेस नेत असता, वाटेत गाडी उलटली म्हणून. गुन्हे अन्वेषण विभागाने ती गोष्ट खोटी ठरविली. त्याचे प्रेत आजवर सापडलेले नाही. एका गावातील दोन आया, एक मुसलमान आणि एक वडार समाजाची, वेगवेगळ्या दशकांत एकाच दाराशी उभ्या राहिल्या. त्यांच्या मोर्चांत मात्र माणसे वेगवेगळी होती.

इतके झाल्यावर शासनाची सद्बुद्धी कोणत्या दिशेने चालली आहे? २०२५ च्या जुलैत, म्हणजे आणीबाणीच्या पन्नासाव्या स्मृतिदिनास महिना उलटण्यापूर्वीच, विधिमंडळाने महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. निजामाच्या नियमावलीचे जे नाव वाचकांस ध्यानात ठेवावयास सांगितले होते, ते आता आठवावे. कडव्या डाव्या संघटनांचा बंदोबस्त हा उद्देश सांगितला गेला. नक्षलवाद्यांनी गडचिरोलीत पोलिसांचे व गरीब आदिवासींचे जे रक्त सांडले त्याविषयी आम्हांस यत्किंचितही सहानुभूती नाही, आणि बंदूक घेणाऱ्यास शिक्षा देण्यास आहेत ते कायदे पुरून उरतात. परंतु या विधेयकाच्या मसुद्यात बेकायदा कृत्याच्या व्याख्येत प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करण्यास उत्तेजन देणे हेही घातले होते. या व्याख्येत १९३८ चा सत्याग्रह बसतो की नाही? स्वामी रामानंद तीर्थ बसतात की नाही? निजामाच्या सरकारास स्टेट काँग्रेस 'जातीय' दिसली. उद्याच्या एखाद्या सरकारास आज सत्तेत असलेल्यांपैकी कोण कसे दिसेल, हे ठरविण्याचा अधिकार या विधेयकास हात वर करणाऱ्यांनी आपल्या शत्रूंच्या स्वाधीन करून ठेवला आहे. साडेबारा हजार सूचना संयुक्त समितीकडे आल्या. त्यांत लोकांच्या मनातील धास्ती पुरेशी स्पष्ट होती.

सरकारकडून आमची अपेक्षा भारी नाही. तपासाची मुदत आणि खटल्याची मुदत यांचा सांधा कायद्यात घातला जावा, आणि ठरावीक काळात खटला उभा न राहिल्यास आरोपी कोणत्याही कलमाखालील असो, त्यास जामीन मिळावा. कैदी आजारी आहे की नाही हे तुरुंगाधिकाऱ्याने नव्हे, तुरुंगाबाहेरील डॉक्टराने ठरवावे. पाण्याच्या पेल्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागू नये. ही मागणी लिहिताना आम्हांस शरम वाटते.

आमच्या वाचकांकडूनही एक अपेक्षा आहे, आणि ती जास्त अवघड आहे. पुढच्या वेळी ज्याचे नाव ऐकून आपल्या कपाळास आठी पडते असा कोणी साधू, मौलवी, पाद्री किंवा कार्यकर्ता पकडला जाईल, तेव्हा 'काहीतरी केले असेलच' हे वाक्य ओठांवर येईल. निजामाच्या राज्यात आमच्या आजोबांच्या पिढीतील सुशिक्षित माणसे, वकील, नोकरदार, इनामदार हेच वाक्य स्वामीजींविषयी बोलत. त्यांपैकी अनेकांच्या घरांत आज स्वामीजींची तसबीर आहे.

येत्या १७ सप्टेंबरास सिद्धार्थ उद्यानातील हुतात्मा स्मारकासमोर प्रथेप्रमाणे ध्वजवंदन होईल, पोलिसांचे पथक मानवंदना देईल आणि मुख्यमंत्र्यांचे भाषण होईल. त्या भाषणात सिंचनाचे व रस्त्यांचे आकडे येतील, ते यावेतही. त्यांच्या जोडीस मराठवाड्याला एवढेच सांगितले जावे की, परभणीच्या कोठडीत १५ डिसेंबर २०२४ रोजी जे घडले त्याबद्दल कोणावर, कोणत्या कलमाखाली दोषारोप ठेवला आहे, आणि त्या खटल्याची तारीख काय आहे.